यात केळं घातलंय का? बेल्जियन ब्लाँड चाखताना नाकाला नेमकं काय कळतं

दादा मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा ब्रसेल्सला आला, पहिल्याच संध्याकाळी आम्ही घराजवळच्या कॅफेत जाऊन बसलो आणि मी दोघांसाठी ऍबी ब्लाँड, म्हणजे मठाच्या धर्तीवरची सोनेरी बेल्जियन बिअर, मागवली. आली ती मोठ्या तोंडाच्या, देठवाल्या ग्लासात, वर दोन-तीन बोटं फेस आणि रंग आपल्याकडच्या कुठल्याही लागरसारखा, म्हणजे नेहमीच्या बाटलीतल्या बिअरसारखा, पिवळाधमक. दादाने सवयीने एक मोठा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, यात केळं घातलंय का?"

"नाही दादा."

"मग इसेन्स?"

"इसेन्स पण नाही. पाणी, माल्ट, हॉप्सची कडवट फुलं, यीस्ट आणि थोडी साखर. बस."

"मग हा वास आला कुठून?"

मला हा प्रश्न फार आवडला कारण बेल्जियन बिअर समजून घ्यायची असेल तर सगळं ह्याच प्रश्नात आहे, पण त्या दिवशी मला नीट सांगता आलं नव्हतं, अर्धवटच काहीतरी बोललो. म्हणून आता सविस्तर लिहितोय, त्यानंतर दोन दिवसांनी घरी बसून आम्ही दुसरी एक ब्लाँड नीट चाखली त्याच्यासकट.

आधी नावाचा घोळ मिटवू. ब्लाँड म्हणजे फक्त रंग, दुसरं काही नाही. आपल्याकडची बिराची ब्लाँड ही लागर, तिचा आणि बेल्जियन ब्लाँडचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. बेल्जियन ब्लाँड ही एल आहे, म्हणजे वेगळं यीस्ट, वेगळं तापमान, आणि अल्कोहोल साधारण ६ ते ७.५ टक्के. लोकांना वाटतं रंग हलका म्हणजे बिअर हलकी, तर असं बिलकुल नाही. रंग येतो तो माल्ट किती भाजलाय त्यावरून. जव भिजवून मोड आणायचे, मग वाळवायचे, त्याला माल्ट म्हणतात, आणि ब्लाँडसाठी हे वाळवणं साधारण ८०-८५ डिग्रीलाच थांबवतात म्हणून रंग फिका राहतो. अल्कोहोल येतं साखरेतून. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, काळी कुळकुळीत बिअर ४ टक्क्यांची असू शकते आणि सोनेरी बिअर ९ टक्क्यांची.

आणि हा प्रकार वाटतो तेवढा जुना पण नाहीये. ऍबी, मठ, साधू असं सगळं लेबलवर असल्यामुळे आपण धरून चालतो की हजार वर्षांपूर्वीपासून हीच बिअर बनतेय. पण १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावात सोनेरी लागर तयार झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत तिने युरोपचा बराच भाग काबीज केला, लोकांना सोनेरी बिअरच हवी झाली. बेल्जियमचे ब्रुअर मग हळूहळू त्या रंगाकडे वळले पण यीस्ट मात्र आपलं ठेवलं. डुव्हेल ही बेल्जियमची प्रसिद्ध सोनेरी बिअर १९७० पर्यंत गडद रंगाची होती. वेस्टव्हलेटरेनच्या मठाची ब्लाँड तर १९९९ मध्ये आली, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान आहे ती. मला हे कळलं तेव्हा उलट आवडलीच ही बिअर जास्त, कारण परंपरा म्हणजे काहीतरी गोठवून ठेवलेलं नाही, लोक काय पितायत ते बघून ब्रुअरनी काय बदलायचं आणि काय नाही ते ठरवलं.

आता केळ्याकडे येऊ.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं एवढं आपण शाळेत शिकतो. पण ते एवढंच करत नाही, खाता खाता शेकडो इतर पदार्थ पण अगदी बारीक प्रमाणात बनवतं आणि बिअरचा वास बराचसा त्यातून येतो. त्यातला एक वर्ग म्हणजे एस्टर. ह्यातल्या एका एस्टरचं नाव आयसोअमाइल ऍसिटेट, आणि पिकलेल्या केळ्याचा जो ओळखीचा वास आहे तो मुख्यतः ह्याच पदार्थाचा. म्हणजे झाडावरचं केळं आणि टाकीतलं यीस्ट, दोघं आपापल्या मार्गाने एकच रेणू बनवतात. तर दादाचं नाक चुकलं नव्हतं, त्याला खरोखरच केळ्यातला पदार्थ लागला होता, फक्त केळं नव्हतं. लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम असला तरी आपल्याला कळतो. दुसरे एस्टर पेअरसारखे, सफरचंदासारखे, कधी बडीशेपेकडे झुकणारे.

दुसरा वर्ग फिनॉल. लवंगेचा, मिरीचा जो एक हलका तिखटपणा ब्लाँडमध्ये येतो तो इथून. जवाच्या सालात आणि कोंड्यात फेरुलिक ऍसिड असतं, त्याला स्वतःला सांगण्यासारखा वास नाही, पण काही यीस्ट त्याचा एक तुकडा तोडतात आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो लवंगेतल्या युजेनॉलचा जवळचा नातेवाईक आहे. लागरच्या यीस्टला हे काम जमत नाही. इंग्लिश आणि अमेरिकन एलच्या बहुतेक यीस्टना पण नाही. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हन आणि गेंटच्या संशोधकांनी १५७ यीस्टचे जीनोम वाचले तेव्हा दिसलं की बिअरच्या बऱ्याच यीस्टमध्ये ह्या कामाची जनुकं मोडकळीला आलीयेत, म्हणजे शेकडो वर्षं ब्रुअर लोक चांगल्या लागलेल्या बॅचचं यीस्ट पुढच्या बॅचला विरजणासारखं वापरत गेले आणि नकळत लवंगेचा वास देणारी बाजूला पडत गेली. बेल्जियमच्या बऱ्याच ब्रुअरीत मात्र ती टिकली. तिथल्या लोकांना तो वास दोष वाटलाच नाही.

मग तापमान. लागर ८ ते १२ डिग्रीला आंबते, आठवडेच्या आठवडे. बेल्जियन एल २० च्या आसपास सुरू होते आणि बरेच जण तापमान २४-२५ पर्यंत चढू देतात. इडलीचं पीठ डिसेंबरात आणि मे महिन्यात कसं वेगवेगळं वागतं ते ज्यांच्या घरी होतं त्यांना हे सांगायला नको. गरमीत यीस्ट जोरात काम करतं आणि एस्टर जास्त सोडतं, थंडीत गपचूप काम करतं आणि वास कमी, चव स्वच्छ. फार गरम झालं तर मात्र नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो आणि घशाला भाजल्यासारखं होतं. म्हणून ब्रुअरची खरी कसोटी ह्या दोन-चार डिग्रीत असते.

आता साखर, कारण त्याबद्दल एक गैरसमज फार आहे. क्लासिक ब्लाँडमध्ये पांढरी साखर घालतात म्हटलं की लोक म्हणतात म्हणजे गोड असणार. उलट आहे! माल्टमधल्या काही साखरा यीस्टला खाता येत नाहीत, त्या बिअरमध्ये राहतात आणि अंगाला जडपणा देतात. साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही ठेवत नाही. म्हणजे अल्कोहोल वाढतं पण बिअर जड होत नाही, सुटसुटीत राहते. हीच ६.५ टक्क्यांची बिअर नुसत्या माल्टवर केली तर बऱ्याचदा दुसऱ्या ग्लासला नको होते.

आणि धन्यांचं काय? पुण्या-मुंबईत ज्यांनी हुगार्डन प्यायलीय किंवा २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या ब्रूपबमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, विटबिअर प्यायलीय त्यांच्या डोक्यात बेल्जियन बिअर म्हणजे धने आणि संत्र्याची साल हे पक्कं बसलंय. विटबिअरमध्ये ते खरंच घालतात, तो गव्हाच्या बिअरचा प्रकार आहे. ब्लाँडमध्ये बहुतेक वेळा मसाला नसतो, जे काही मसाल्यासारखं लागतं ते यीस्टने केलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवला की पुढचं चाखणं एकदम सोपं होतं.

तर घरी चाखायला मी आणली होती झिनेबिर. ब्रासरी द ला सेन नावाची ब्रसेल्सची छोटी ब्रुअरी आहे, इव्हान द बाट्स आणि बर्नार लबूक ह्या दोघांनी उभी केलेली, तिची ही ५.८ टक्क्यांची ब्लाँड. ब्रसेल्समधल्या झिनेके परेड ह्या मिरवणुकीसाठी २००२ मध्ये ती पहिल्यांदा बनवली. झिनेकेचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही मला. सेन ही ब्रसेल्सची नदी, डच नाव झेन, १९व्या शतकात शहराने तिच्यावर कमानी बांधून तिला जमिनीखाली गाडलं, आज मध्यवस्तीत फिरलात तर नदी आहे हे कळणारच नाही. त्या नदीकाठच्या भटक्या, कुठल्याच एका जातीच्या नसलेल्या कुत्र्याला तिथल्या बोलीत झिनेके म्हणायचे. पुढे तो शब्द मिश्र वंशाच्या, मिश्र भाषेच्या ब्रसेल्सकरांनी स्वतःसाठी अभिमानाने घेतला. आमच्या गल्लीत फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज, तुर्की आणि आमच्या घरातून मराठी ऐकू येतं, तर ह्या बिअरवर मला माझाही थोडा हक्क वाटतो.

छोट्या ब्रुअरीचा चवीशी काय संबंध, हा प्रश्न दादाने विचारला होता आणि तो रास्त आहे, छोटं म्हणजे आपोआप चांगलं असं काही नसतं. पण एक ठोस गोष्ट सांगतो. मोठ्या कारखान्यात आंबवायच्या टाक्या उंचच उंच असतात, जागा वाचते म्हणून. १० मीटर उंच टाकीच्या तळाशी यीस्टवर वरच्या बिअरचा दाब धरून एकूण दाब उघड्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, त्यात कार्बन डायऑक्साइड पण जास्त विरघळून राहतो, आणि अशा दाबाखाली यीस्ट एस्टर कमी बनवतं. द ला सेनवाल्यांनी म्हणून मुद्दाम बुटक्या, पसरट टाक्या करून घेतल्या. जागा जास्त जाते, खर्च जास्त येतो, पण वास मिळतो. टाकीच्या आकाराने चव बदलते हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

आता प्रत्यक्ष चाखणं. बाटली उभी ठेवायची, शक्यतो आदल्या दिवसापासून, कारण ही बिअर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली असते: भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, दोन-तीन आठवडे ऊबदार खोलीत ठेवतात, त्यातून गॅस तयार होतो आणि यीस्ट तळाशी बसतं. बाटलीत राहिलेली थोडी हवा पण यीस्ट वापरून टाकतं, त्यामुळे बिअर जास्त टिकते. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवायची. चिल्ड बिअरची सवय असलेल्याला हे पटत नाही, दादाला पण पटलं नाही, पण २ डिग्रीच्या बिअरमधून वास वर येतच नाही आणि ब्लाँडमध्ये तर सगळी मजा वासाची. ६ ते ८ डिग्री बरोबर.

ग्लास साबणाने धुतलेला असेल तर साध्या थंड पाण्याने पुन्हा खळाळून घ्यायचा, पुसायचा नाही. साबणाचा किंवा तेलाचा पुसटसा थर पण फेस मारतो. ग्लास तिरका धरून सावकाश ओतायची, शेवटी सरळ करून फेस येऊ द्यायचा, आणि बाटलीत तळाचा एखादा सेंटीमीटर तसाच ठेवायचा, त्याच्याकडे नंतर येतो. फेस म्हणजे फसवणूक असं आपल्याकडे मानतात कारण मापात बिअर कमी मिळते असं वाटतं. इथे बहुतेक ग्लासवर मापाची रेघ असते, फेस तिच्या वर. माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्सचे कडू पदार्थ मिळून तो फेस धरतात, आणि प्रत्येक घोटानंतर ग्लासच्या आत जाळीसारखा एक पट्टा मागे राहतो.

पहिला वास लगेच घ्या, फेस ताजा असताना, छोटे-छोटे दोन-तीन हुंगे. एकदाच खोल ओढला तर नाक लगेच सरावतं आणि काही कळेनासं होतं. मग एक घोट घ्या, तोंडात जरा फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी खूप झालं, कारण आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो, सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. वाईन टेस्टिंगमध्ये थुंकतात, बिअर गिळावी लागते, कडूपणा नीट कळतो तो गिळल्यावर.

दादाने हे असं केलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "केळं नाही यात. संत्र्याची साल. आणि गवत, पेंढा असतो ना कापलेला, तो." मलाही तसंच लागलं होतं, आधी ताज्या पावाच्या कडेचा वास, मग साल, मागे किंचित पेअर, आणि गिळल्यावर एकदम कोरडा, स्वच्छ कडूपणा जो बराच वेळ टिकतो. कॅफेतली ऍबी ब्लाँड गोलसर, मधाकडे जाणारी, केळं पुढे. झिनेबिर सडपातळ आणि हॉप्सला जास्त वाव देणारी. दोन्हींना ब्लाँडच म्हणतात. रंग जवळपास एक, जात एक, आणि स्वभाव इतका वेगळा, म्हणून एक ब्लाँड आवडली नाही तर हा प्रकारच नको असं कृपया करू नका.

काही वास मात्र दोषाचे, ते ओळखता आले तर पैसे वाचतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी झालीय, हवा लागलीय. उकडलेल्या मक्याचा वास फिक्या माल्टच्या बिअरमध्ये येऊ शकतो, आंबवण्याआधी माल्टचा काढा पुरेसा उकळला नाही की होतं ते. लोण्यासारखा किंवा बटर पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे यीस्टला काम संपवायला वेळ दिला नाही. आणि एक कुबट, जळक्या रबरासारखा उग्र वास असतो तो उन्हाचा: प्रकाश पडला की हॉप्सचे कडू पदार्थ तुटून गंधकाचा एक पदार्थ बनतो. तपकिरी बाटली त्यासाठीच असते, हिरवी फार काही वाचवत नाही. मी एकदा एका दुकानाच्या काचेतली, चांगली ऊन खाल्लेली बाटली आणली होती, झाकण उघडताच कळलं, ओतून द्यावी लागली आणि फार वाईट वाटलं, कारण बनवणाऱ्याने सगळं नीट केलेलं असतं. आता मी मागच्या फळीवरची, अंधारातली बाटली मागतो आणि तारीख बघतो.

सोबत खायला इथे चीजचे चौकोनी तुकडे देतात, बाजूला मोहरीची चटणी आणि सेलरी मीठ, ते छानच लागतं. पण आम्ही दादाने आईकडून आणलेल्या भाजणीच्या चकल्या काढल्या. बिअरमधला भरपूर गॅस तोंडातलं तेल धुऊन काढतो, लागरमध्ये लिटरला साधारण अडीच लिटर गॅस विरघळलेला असतो तर अशा बिअरमध्ये तीनच्या वर असतो, आणि भाजणीतल्या धन्या-जिऱ्याशी त्या संत्र्याच्या सालीचं फार छान जमतं. तिखट जाळ रस्सा मात्र ह्याच्याबरोबर नको, अल्कोहोल आणि गॅस दोन्ही तिखट वाढवतात. आणि हिशोब म्हणून: ३३० मिलीच्या ५.८ टक्क्यांच्या बाटलीत १९ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. चव हलकी लागते म्हणून लागरच्या वेगाने पिऊ नका, त्या दिवशी आम्ही दोघांत मिळून दोनच बाटल्या उघडल्या आणि त्या दीड तास पुरल्या.

राहिला तो तळाचा सेंटीमीटर. ते गाळ-बिळ नाही, ते यीस्ट आहे. आधी वरची स्वच्छ बिअर चाखायची, मग ग्लासात चार-पाच घोट उरले की बाटली हलकेच फिरवून तळ त्यात ओतायचा आणि पुन्हा चाखायचं. बिअर धुरकट होते, कडूपणा जरा बोथट होतो आणि पाव भाजतानाचा वास पुढे येतो. काहींच्या पोटाला तो मानवत नाही, त्यांनी सोडून द्यावा. मी ओतला, दादाने त्याच्या बाटलीतला तसाच ठेवला.

"हे अजून जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"हो, पाश्चराइज केलेली नाही, गाळलेली पण नाही. घरी बिअर करणारे लोक ह्या तळातलं यीस्ट साखरेच्या पाण्यात वाढवून पुढे वापरतात."

त्यावर तो उठून स्वयंपाकघरात गेला, एका वाटीत चार चमचे मैदा, चिमूटभर साखर आणि तो तळ कालवला आणि वाटी ओट्यावर झाकून ठेवली. पहिल्या सकाळी काहीच नव्हतं. दुसऱ्या सकाळी त्याने मला हाक मारून उठवलं, मैद्यावर बारीक बारीक बुडबुडे आले होते. त्याने वाटी नाकाजवळ धरली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि माझ्याकडे देत म्हणाला, "बघ, पेअर येतोय का?"

येत होता, अगदी थोडासा.